पाठीमागचं वजन

शर्मिष्ठा लग्न होऊन आर्वीहून रायपूरला आली, तेव्हा नव्या छत्तीसगड राज्याला अजून वर्षही झालं नव्हतं. सरकारी कचेऱ्या कुठं भाड्याच्या घरात, तर कुठं जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत होत्या. पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलेलं, आणि ऊन पडलं की खालची अक्षरं पुन्हा दिसायची. तिचा नवरा नीलेश देशकर अशाच एका खात्यात लिपिक होता. घर तात्यापाऱ्यात; पारा म्हणजे तिथला मोहल्ला. घरात तो, त्याची आई सरलाबाई आणि एक मोटारसायकल. मोटारसायकल दारात नव्हे, घरातच असायची. रात्री ती दोन फळ्यांवरून चढवून पुढच्या खोलीत आणायची आणि सकाळी उतरवायची. माहेरी शर्मिष्ठानं गाय अशी आत बांधलेली पाहिली होती, गाडी नाही.

नीलेशला गाडीचं वेड होतं, पण पोरांना असतं तसं नव्हे. आवाज करणं, सिग्नलवरून सुसाट सुटणं याचा त्याला तिटकारा होता. सरळ रस्त्यावर तो म्हाताऱ्यासारखी गाडी चालवायचा. त्याचा जीव होता तो वळणांत. लग्नाआधी दोन-तीनदा तो नागपूरला मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत उतरला होता, एकदा पायाला प्लास्टर घालून परतला होता, आणि त्या शर्यतींतून त्यानं बक्षीस असं काही आणलं नव्हतं. आणलं होतं ते एवढंच, की गाडी हँडलानं वळत नाही, अंगानं वळते.

हे शर्मिष्ठाला पहिल्याच आठवड्यात ऐकावं लागलं. ती साडी नेसून एका बाजूला बसायची, आणि वळण आलं की ताठ व्हायची. गाडी डावीकडे कलली की ती उजवीकडे, गाडी उजवीकडे कलली की ती डावीकडे. आपण असं केलं म्हणजे गाडी पडणार नाही, असं तिला वाटायचं.

बुढा तालाबाच्या वळणावर एकदा त्यानं गाडी बाजूला घेतली.

"तू वळणावर सरळ बसते," तो म्हणाला. "मंग गाडी माझं ऐकत नाही. बाहेर पळते."

"मले भेव लागते."

"काहून?"

"पडलो म्हणजे?"

"सरळ बसून माणूस पडते," नीलेश म्हणाला. "माझ्या खांद्यावरून पाहात जा. उजवं वळण असलं तर उजव्या खांद्यावरून, डावं असलं तर डाव्या. जिथं जायचं तिथं पाहायचं. खाली रस्त्याकडं पाहायचं नाही. डोकं जाते तिकडं आंग जाते."

त्या हिवाळ्यात तो तिला केशकालच्या घाटात घेऊन गेला. शर्मिष्ठानं पहिल्यांदाच सलवार-कुर्ता घालून दोन्हीकडे पाय टाकले होते. सरलाबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या आणि काही बोलल्या नव्हत्या, म्हणजे नाराज होत्या. घाटाचं पहिलं वळण आलं तसं शर्मिष्ठानं डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. तिसऱ्याला त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. वळण जिथं संपतं तिथली साजाची झाडं तिला दिसली, आणि गाडी आपसूक खाली झुकली, फिरली, पुन्हा सरळ झाली. वर पोचल्यावर नीलेशनं हेल्मेट काढलं. "आता मागं कोणी बसलं आहे असं वाटतच नाही," तो म्हणाला. हे कौतुक आहे की काय, हे तिला त्या वेळी कळलं नाही. नंतर कळलं.

पुढची चौदा वर्षं तशी बरी गेली. श्रावणी झाली, शाळेत गेली, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायला लागली. मंत्रालय शहराबाहेरच्या नव्या शहरात गेलं. तिथं रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की माणसं नाहीत म्हणून रस्ते केले की रस्ते केले म्हणून माणसं येणार, असं लोक विचारायचे. खात्यातली मंडळी बसनं जायची. नीलेश मोटारसायकलनं. रविवारी तिथल्याच एका गोल चौकात तो चार-पाच मुलांना शिकवायचा. गुडघे टाकीला आवळा, कोपरं सैल ठेवा, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मुलांना गुडघा रस्त्याला घासून फोटो काढायचा असायचा. तो म्हणायचा, गुडघा जमिनीला लागला यात काही विशेष नाही, पडला तरी लागतोच.

एका सोमवारी सकाळी तो ऑफिसला निघाला होता. डोक्यावर हेल्मेट घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायला गेला, तर बक्कल लागेना. शर्मिष्ठा डबा देत होती. तिला वाटलं, बक्कल बिघडलं. तिनं लावून द्यायला हात पुढं केला आणि पाहिलं, की त्याचा डावा हात वर आलेलाच नाही. तो खाली लोंबत होता आणि नीलेश त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघत होता.

अर्धांगवायूनं त्याची डावी बाजू गेली. जीव वाचला. बोलणं थोडं जड झालं, पण कळण्याइतकं राहिलं. डावा पाय महिनाभरात घासत का होईना उचलायला लागला, हात मात्र नाही. धड डावीकडे कलायचं. खुर्चीत बसवलं तर तासाभरात तो डावीकडे ओघळलेला असायचा, आणि येता-जाता कोणीतरी त्याला सरळ करायचं.

शर्मिष्ठानं पंडरीच्या कापडबाजारात एका साड्यांच्या घाऊक दुकानात बिलं करायचं काम धरलं. दिवसा सरलाबाई त्याच्याजवळ असायच्या. व्यायाम करवून घेणाऱ्या डॉक्टरांकडे त्याला आठवड्यातून तीनदा न्यावं लागायचं. ऑटोवाला गल्लीत शिरायचा नाही. मग दोन माणसं बोलवा, त्याला धरून नाक्यापर्यंत चालवा, आत कोंबा. गल्लीतली माणसं बाजूला सरकून उभी राहायची, "कैसे हो भैया" म्हणायची, आणि तो मान खाली घालायचा. शर्मिष्ठानं शेजाऱ्यांच्या स्कूटीवर एकदा नेऊन पाहिलं तर पाय ठेवायच्या जागेवरून त्याचा डावा पाय घसरला आणि तो गल्लीतच लोळला.

त्या दिवशी तो म्हणाला, "माझी गाडी शीक."

"मी? गिअरची?"

"तिच्या मागं पाय ठेवाले जागा पक्की आहे. धराले दांडी आहे. तू शीक."

रामकृष्ण नावाचा त्याचा जुना मित्र होता, पंडरीच्या मागं गॅरेज चालवायचा. त्याच्या व्हॅनमध्ये नीलेशला आणि मोटारसायकलला घालून ते रविवारी त्या गोल चौकात जायचे. नीलेशला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, डाव्या बाजूला उशी लावायची, डोक्यावर छत्री बांधायची. रामकृष्ण गाडी सुरू करून द्यायचा आणि शर्मिष्ठा चौकाला फेऱ्या घालायची. अडतिसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचं जाकीट आणि त्याचं सैल हेल्मेट घालून.

खुर्चीतून नीलेश ओरडायचा. शब्द एकमेकांत अडकायचे, पण तिला कळायचे.

"उजव्या वळणाले उजवा हात पुढं ढकल. पुढं. हँडल फिरवू नको, ढकल."

"उलटं नाही का होत?"

"ढकलून पाहा."

तिनं ढकलून पाहिलं आणि गाडी खरंच उजवीकडे झुकली. मग तो तिला अंग शिकवायला लागला. वळण उजवं असलं तर बूड थोडं उजवीकडे सरकव, सीटच्या कडेवर. डावा गुडघा टाकीला चिकटव, तोच तुला धरून ठेवील. हातावर भार देऊ नको. हात धरायला नाहीत, सांगायला आहेत. छाती आतल्या आरशाकडे ने. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे. त्यातलं निम्मं ती मागं बसून बसून आधीच शिकली होती, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. त्याच्या पाठीला छाती लावून चौदा वर्षं तिनं प्रत्येक वळण घेतलं होतं. अंगाला ते माहीत होतं, हातांना तेवढं नव्हतं.

ते दोन महिने नीलेश बरा होता. जेवायचा. श्रावणीला ओरडायचा, म्हणजे तिच्याशी बोलायचा. सरलाबाई मात्र म्हणायच्या, "बाईनं चालवायचं आणि माणसानं मागं बसायचं. हेच पाहायचं राहिलं होतं."

रामकृष्णनं मागचं डावं पायदान मोठं करून त्याला पट्टी बसवली, पाय घसरू नये म्हणून. उजवीकडची दांडी उंच केली, म्हणजे चांगल्या हाताला धरता यावी. आणि पंडरीतून रुंद नवार आणून तिचा पट्टा केला. तो त्याच्या आणि तिच्या कमरेभोवती एकत्र बांधायचा, पोटावर बक्कल. पहिल्यांदा बांधला तेव्हा शर्मिष्ठाला लाज वाटली. गल्लीत लोक होते. नीलेश तिच्या कानाशी म्हणाला, "चल. लोकं काय पाहतात, पाहू दे."

खरं शिकणं तिथून पुढं सुरू झालं. मागं बसलेल्या माणसाचं वजन अर्धं जिवंत आणि अर्धं मेलेलं असलं तर गाडी काय करते, हे नीलेशनंही कधी शिकवलं नव्हतं, कारण त्यालाही ते माहीत नव्हतं. डावं वळण आलं की तो सगळाच्या सगळा आत कोसळायचा आणि गाडी हवी त्याहून अधिक झुकायची. तिथं तिला अंग बाहेर ठेवून सावरावं लागे. उजवं वळण त्याहून अवघड. गाडी उजवीकडे झुकायची, ती झुकायची, आणि तो मागं डावीकडेच राहायचा, भिजलेल्या पोत्यासारखा. गाडी वळणातून बाहेर, रस्त्याच्या डाव्या कडेला पळायची.

मग त्यांनी त्यावर तोड काढली. उजवं वळण आलं की नीलेश म्हणायचा, "येतो." आणि उजव्या हातानं दांडी ओढून, उजवा पाय रेटून, तो आपलं धड डावीकडून उपटून उजवीकडे आणायचा. शर्मिष्ठाला ते नवारीच्या पट्ट्यातून कळायचं. पट्टा आधी डाव्या बरगडीत रुतलेला असायचा, तो सैल पडायचा आणि उजवीकडे ओढला जायचा. तेवढ्यात ती गाडी झुकवायची. असं ते पंडरीच्या गर्दीतून, जयस्तंभ चौकातून, सगळीकडून जायचे. सिग्नलला थांबले की लोक वळून पाहायचे, आणि नीलेश हिरवा होईपर्यंत समोर तिच्या हेल्मेटकडे बघत राहायचा.

वर्ष उलटलं. मग एका दिवशी व्यायामाच्या डॉक्टरांनी शर्मिष्ठाला बाजूला बोलावून सांगितलं, की जे यायचं होतं ते बहुतेक येऊन गेलं. आता आहे ते टिकवायचं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण पडद्यापलीकडे पलंगावर नीलेश होता.

त्यानंतर तो गप्प झाला. रविवारची मुलं सुरुवातीला भेटायला यायची, ती यायची थांबली. ऑफिसातून कोणी आलं तर त्याच्या टेबलावर आता कोण बसतं ते सांगायचं. तो हसायचा, आणि तोंडाचा अर्धाच भाग हसायचा. सरलाबाईंनी कुठून तरी अभनपूरच्या पलीकडच्या एका गावातल्या वैद्याचं नाव काढलं. तेलानं चोळतो, पुष्कळ माणसं उठून चालायला लागली म्हणे. शर्मिष्ठाचा विश्वास नव्हता. पण नाही म्हणावं तर तिच्याकडे दुसरं काही द्यायला नव्हतं. म्हणून दर रविवारी ते तिकडे जायला लागले.

अभनपूरपर्यंत मोठा रस्ता. तिथून पुढं एक अरुंद रस्ता कालव्याच्या कडेनं जायचा. डावीकडे कालवा, उजवीकडे धानाची शेतं. कार्तिकाचे दिवस होते, धान पिवळं पडलं होतं. त्या रस्त्यावर एक लांब उजवं वळण होतं, डांबराच्या कडेला हातभर मुरूम आणि मग थेट कालवा. सहा-सात रविवार त्यांनी ते वळण घेतलं होतं. शर्मिष्ठाला ते आवडायचं देखील, कारण पलीकडचं सगळं दिसायचं.

त्या रविवारी वैद्याकडून परतताना नव्हे, जातानाच. वळण जवळ आलं. तिनं गिअर कमी केला, वेग उतरवला, अंग उजवीकडे सरकवलं.

"येतो," नीलेश मागून म्हणाला.

तिनं उजवा हात ढकलला. गाडी झुकली. आणि पट्टा सैल पडला नाही. तो डाव्या बरगडीत रुतला, आणखी रुतला, कोणी लोंबकळावं तसा. गाडी बाहेर निघाली. तिनं अंग आणखी उजवीकडे टाकलं, सीटवरून जवळजवळ उतरलीच, गुडघा टाकीत खुपसला. तरी कड जवळ येत होती. पुढचा ब्रेक दाबला असता तर गाडी सरळ उभी राहून कालव्यात गेली असती. एवढं तिला त्या क्षणीही माहीत होतं. तिनं ब्रेक दाबला नाही. ती वळणाच्या शेवटाकडे बघत राहिली. मागचं चाक मुरमावर गेलं, सरकलं, आणि गाडी डाव्या अंगावर आडवी होऊन घासत थांबली. कालव्याचं पाणी हाताच्या अंतरावर होतं.

शेतातली माणसं धावत आली. तिचं कोपर सोललं होतं आणि बरगडीला मार बसला होता. नीलेशचं उजवं मनगट मोडलं होतं. चांगला हात.

रायपूरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. सरलाबाई आल्या, मुलाचा तो एकच उरलेला हात प्लास्टरमध्ये पाहिला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसल्या.

"पाडलं ना शेवटी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मी म्हणून राहिली होती पहिल्या दिवसापासून."

शर्मिष्ठानं नीलेशकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"मुरूम होता, आई," ती म्हणाली. "चाक सरकलं. माझंच चुकलं."

पुढचे दोन महिने तिनं त्याला घास भरवला, तोंड धुतलं, सगळंच केलं. एक हात आजारानं नेलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. तो निमूट करून घ्यायचा. तिनं विचारलं नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल. पण भरवताना, दात घासून देताना, तिच्या बरगडीत तो पट्टा परत परत रुतायचा. अंगानं कळलेली गोष्ट विसरता येत नाही.

एका दुपारी सरलाबाई देवळात गेल्या होत्या, श्रावणी शाळेत. शर्मिष्ठा दुकानातून जेवायच्या सुट्टीत आली होती. वरणभात कालवून ती त्याच्यासमोर बसली आणि घास उचललाच नाही.

"तुम्ही 'येतो' म्हणाले," ती म्हणाली. "आणि आले नाही."

नीलेश थाळीकडे बघत राहिला.

"हात सुटला का?"

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला.

"सोडला," तो म्हणाला.

"काहून?"

"पाणी दिसलं."

"मी बांधलेली होती तुमच्या संगं."

"हव," तो म्हणाला. छत्तीसगढीतला तो होकाराचा शब्द त्याच्या तोंडात लहानपणापासून होता, पण त्या दिवशी तो तिला परक्या माणसाचा वाटला.

"श्रावणी आली नाही मनात?"

"काहीच नाही आलं," नीलेश म्हणाला. "हात सोडला तर हलकं वाटलं. एवढंच. मंग तू आंग टाकलं उजवीकडं, ते मले समजलं. मंग मी धराले गेलो, तर दांडी सापडली नाही." थांबून तो म्हणाला, "चांगलं टाकलं तू आंग."

शर्मिष्ठा उठली. थाळी तशीच राहिली. मोरीपाशी जाऊन तिनं हात धुतले आणि तिथंच उभी राहिली. तिला रडायला आलं नाही. तिला राग आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना. ज्याच्यावर ठेवायचा त्याला तर आत्ता घाससुद्धा भरवायचा होता. थोड्या वेळानं ती परत आली आणि तिनं त्याला गार झालेला भात भरवला.

तिनं डॉक्टरांना सांगितलं. सगळं नाही, पण त्याचं जगण्यातलं मन उडालं आहे, एवढं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, एका मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिकडे ती त्याला ऑटोनं नेत राहिली, दोन माणसं लावून, नाक्यापर्यंत धरून. मोटारसायकल पुढच्या खोलीत उभी होती. रामकृष्णनं वाकलेलं पायदान सरळ करून दिलं, आरसा बदलला. सरलाबाई येता-जाता गाडीकडे पाहायच्या आणि मग सुनेकडे. शेजारच्या इंदूवहिनी म्हणायच्या, "शर्मिष्ठा, मत लिया करो रिस्क." ती "हो" म्हणायची. घराण्यात, पाऱ्यात, दुकानात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की देशकरांच्या सुनेनं आजारी नवऱ्याला गाडीवरून पाडलं.

नीलेशला हे सगळं ऐकू यायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसातून निरोप आला. नोकरीतून मोकळं होण्याचे कागद तयार होते. साहेबांसमोर येऊन सही करायची होती. नीलेशचा हात प्लास्टरमधून निघाला होता, पण मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं.

"ऑटो सांग," तो म्हणाला.

"गाडीनं जाऊ," शर्मिष्ठा म्हणाली.

ती हे का म्हणाली ते तिला स्वतःला नीट सांगता आलं नसतं. त्याला माफ केलं होतं असं नाही. घरात एक गाडी उभी आहे आणि आपण तिला भ्यायला लागलो आहोत, एवढं तिला दिसत होतं. आणि कधी ना कधी हे पाहावंच लागणार होतं.

रामकृष्ण त्याला बसवून द्यायला आला. त्यानं डावा पाय पायदानावर बांधला आणि पट्टा शोधायला लागला.

"पट्टा नको," शर्मिष्ठा म्हणाली.

"अरे दीदी, ऐसे कैसे," रामकृष्ण म्हणाला.

"नको." ती नीलेशकडे वळली. रामकृष्णसमोर तिला जेवढं बोलता येत होतं, तेवढंच बोलली. "दांडी तुमची तुम्ही धरा. सुटली तर तुम्ही एकटे पडाल. मले घरी यायचं आहे."

नीलेशनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. त्यानं आखडलेल्या उजव्या हातानं दांडी चाचपली आणि धरली.

शहर मागं पडलं. माना गाव ओलांडल्यावर रुंद रस्ते लागले, मधल्या पट्ट्यात सरकारी फुलझाडं, आणि पुढं मैल-मैल कोणी नाही. पहिलं उजवं वळण आलं. तिच्या पाठीला त्याची छाती टेकलेली नव्हती, कमरेला काही बांधलेलं नव्हतं, त्यामुळं मागं काय चाललं आहे ते तिला आधी कळण्याचा मार्गच नव्हता. गाडी झुकवल्यावरच कळणार होतं. तिनं वेग फार कमी केला. मागून बस हॉर्न वाजवत आली, तरी तिनं पाहिलं नाही. वळणाच्या शेवटाकडे बघितलं आणि हात ढकलला.

गाडी आत आली. सहज नव्हे, थोडी रखडत, पण आली. मागून श्वास सोडल्याचा आवाज तिला हेल्मेटमधून ऐकू आला. त्याच्या पुढच्या वळणालाही तसंच झालं. ती प्रत्येक वळणाला तेवढीच घाबरली. पहिल्या वळणानंतर भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं, तसं झालं नाही.

ऑफिसात नीलेशला साहेबांच्या खोलीत खुर्ची दिली. सगळे येऊन भेटून गेले. त्याच्या जागी आलेली पोट्टी पाया पडली. सही करताना त्याचं मनगट कागदावर नीट टेकेना. दोनदा पेन घसरलं. तिसऱ्यांदा जी उमटली ती सही त्याच्या आधीच्या सहीशी जुळत नव्हती. साहेब भले होते, म्हणाले, चलेगा. बाहेर आल्यावर तो शर्मिष्ठाला म्हणाला, "एक्केचाळिसाव्या वर्षी पडलो आजारी. लोकं साठव्या वर्षी निघतात इथून." ती त्याचा पाय पायदानावर बांधत होती. तिनं गाठ एकदा सोडून पुन्हा बांधली.

त्यानंतर ते गाडीवर एकत्र गेले, पण क्वचित. तो स्वतःहून म्हणायचा नाही. ती एखाद्या रविवारी विचारायची, एखाद्या रविवारी तिच्या मनाची तयारी नसायची. पट्टा तिनं पुन्हा बांधला नाही. बाकीचे दिवस ती एकटीच गाडीनं कामावर जायची. श्रावणी मोठी झाली, तिला वाटायचं आई भारी गाडी चालवते, मैत्रिणींना सांगायची. "मम्मी, मुझे भी सिखाओ," म्हणायची. शर्मिष्ठा म्हणायची, "बाबाले विचार." श्रावणीनं विचारलं की नाही, कोण जाणे.

नीलेशच्या गोळ्या चालू राहिल्या. तो त्या न चुकता घ्यायचा. सकाळी ओट्यावर बसायचा, दुपारी टीव्ही बघायचा. कधीतरी हसायचाही. त्याला आता जगायचं होतं की नुसतं मरायचं नव्हतं, हे शर्मिष्ठाला कळायचं नाही, आणि हळूहळू तिनं त्याचा अंदाज घेणं सोडून दिलं.

सरलाबाई तीन वर्षांनी गेल्या. शेवटचे काही दिवस त्या अंथरुणालाच होत्या. शर्मिष्ठा दुकानातून यायची, त्यांचं करायची, पुन्हा जायची. एका सकाळी ती निघायच्या आधी त्यांना पाणी पाजत होती. नीलेश पलीकडे खुर्चीत होता. सरलाबाईंनी तिचा हात धरला. त्या अगदी मायेनं बोलल्या. इतक्या वर्षांत एवढ्या मायेनं त्या सुनेशी बोलल्या नव्हत्या.

"झालं ते झालं, बाई. मी मनात नाही ठेवलं काही. पण पोराला पुन्हा पाडू नको. गाडी सांभाळून चालव."

शर्मिष्ठानं मान वर केली आणि नीलेशकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचे ओठ हलले, उजव्या बाजूनं. ती वाट पाहत राहिली. म्हातारीचा हात तिच्या हातात होता, आणि खोलीत दुसरा आवाज नव्हता. त्याला बोलायला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती आणखी थांबली.

तो खिडकीकडे वळला.

"हो आई," शर्मिष्ठा म्हणाली. तिनं सासूचं पांघरूण सारखं केलं, नीलेशला खुर्चीत सरळ बसवलं, डाव्या बाजूला उशी लावली, आणि कामावर निघून गेली.